कुठल्या खात्यात कामाला आहात, एवढं विचारा

प्रति,
सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सूतगिरण्यांच्या आसपासच्या गावांत दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

अशी पत्रं सहसा कामगार मंत्र्यांना लिहितात, फार तर कारखाना निरीक्षकांना. तसली पत्रं आमच्या संघटनेने पुष्कळ लिहिली. पोचपावत्या कपाटात आहेत, उत्तरं नाहीत. हे पत्र मात्र तुम्हाला आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. कापसाच्या धुळीने छाती गेलेला, म्हणजे बिसिनोसिस झालेला, माणूस मंत्रालयात जाऊन खोकत नाही. तो तुमच्या बाकड्यावर येऊन बसतो, नंबर लागेपर्यंत खोकतो, इंजेक्शन टोचून घेतो, तीन दिवसांच्या गोळ्या खिशात घालतो आणि जातो. त्याच्या आजाराची पहिली नोंद व्हायची जागा म्हणजे तुमचं टेबल. माझी तक्रार अशी की नेमकी तिथेच ती नोंद राहून जाते.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात गिरणी कामगारांचे कागद भरून देण्यात माझं आयुष्य गेलं. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे, विम्याचे, पेन्शनचे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्या बंद पडल्या. त्यांतली माणसं म्हातारी झाली, बरीच गेली. आता येतात ती सूतगिरण्यांतली, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतली आणि ठेकेदाराकडची माणसं. नवा कागद भरायचा तर जुने कागद चाळावे लागतात. त्यामुळे तुम्ही लिहिलेले केसपेपर मी जितके वाचलेत तितके तुमच्या कंपाउंडरनेही वाचले नसतील. तुमचं अक्षर लागतं मला.

मध्यंतरी एका सूतगिरणी कामगाराची प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे आली. पन्नाशीचा माणूस, कार्डिंगला, म्हणजे रुई पिंजायच्या खात्यात होता, जिना चढून माझ्या टेबलापर्यंत येऊन बसला आणि बराच वेळ नुसता हात वर करून ‘थांबा’ म्हणत राहिला. पिशवीत कित्येक वर्षांचे कागद. एका दवाखान्याने दमा लिहिलेला, दुसऱ्याने ॲलर्जी, तिसऱ्याने जुनाट ब्राँकायटिस. एका ठिकाणी थुंकीत काही सापडलं नसताना टीबीच्या गोळ्या चालू केलेल्या. शेवटच्या कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. रक्तदाब प्रत्येक वेळी लिहिलेला होता. साखर होती, वजन होतं, एका मोठ्या हॉस्पिटलच्या कागदावर तर जावयाचा मोबाईल नंबरही होता. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे अर्ध्या कागदांवर काहीच नव्हतं. उरलेल्यांवर ‘मजुरी’. आणि एका ठिकाणी ‘शेती’, कारण त्या दिवशी तो गावाहून धोतर-टोपीत आला असावा.

मजुरी म्हणजे काय, डॉक्टरसाहेब? वीटभट्टीवरची मजुरी, द्राक्षबागेत औषध मारण्याची मजुरी, खडी क्रशरवरची मजुरी आणि सूतगिरणीत रुई फोडतात त्या ब्लो रूममधली मजुरी, प्रत्येकीत छातीत जातं ते निराळं. पोटाच्या पेशंटला काल काय खाल्लं ते तुम्ही विचारता. छातीच्या पेशंटला दिवसभर काय ओढलं ते का विचारत नाही? आणि विचारता तेव्हा फक्त बिडीचं विचारता.

बिडीचा विषय पुढे येईलच. आधी ज्यांनी ब्लो रूम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली नसणार, गिरणीपासून हाकेच्या अंतरावर दवाखाना असला तरी. गाठी येतात, पट्ट्या तोडतात, दाबून बसलेली रुई थराथराने उचलून मशीनवर घालतात. मशीन ती फोडतं, झोडतं, त्यातला कचरा पाडतं. कचरा म्हणजे बोंडाखालच्या पात्यांचा, वाळलेल्या पानांचा, देठांचा, सरकीच्या सालीचा चुरा. जड चुरा खाली पडतो. बारीक तो हवेत राहतो आणि दिसतही नाही. नवख्या माणसाला वाटतं, हवेत तरंगणारं पांढरं तूस हीच धूळ. ते तूस नाकातच अडकतं. त्रास देणारी धूळ त्याच्या मागे असते. तिथून रुई कार्डिंगला जाते, तिथे तारांच्या दातांनी पिंजून तिचा पेळू होतो, तिथेही तेच. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवतात, म्हणून खिडक्या बंद. पाळी संपता संपता मशीन साफ करायला कॉम्प्रेसरची ‘हवा मारतात’. दिवसभर खाली बसलेली सगळी धूळ एका झटक्यात वर येते आणि पुढच्या पाळीची माणसं तिच्यातून आत शिरतात.

या खात्यात सगळ्यात जास्त धूळ कोण खातं माहीत आहे? झाडणारी बाई. तिचं नाव मस्टरवर ‘कार्डिंग’ असं नसतं. ती ठेकेदाराची, ‘हाउसकीपिंग’. पदराने नाक बांधून मशीनखालचा चुरा ओढत असते. उद्या ती तुमच्याकडे आली आणि तुम्ही विचारलंत, काय करता, तर ती सांगेल ‘झाडलोट’. तुम्ही लिहाल ‘घरकाम’.

आता आजाराबद्दल. हे तुम्हाला शिकवायचा माझा अधिकार नाही, पण तुमच्या पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पुस्तकात बिसिनोसिसला जेमतेम अर्धं पान असतं आणि ते परीक्षेनंतर कोणी उघडत नाही, असं तुमच्यातल्याच एकाने मला सांगितलं आहे. कामगाराच्या बाजूने तो आजार कसा दिसतो ते मी सांगू शकतो. पहिली काही वर्षं काहीच होत नाही. मग साप्ताहिक सुटीनंतर कामावर गेलं की दोन-तीन तासांनी छाती आवळते, खोकला येतो, अंग कणकणल्यासारखं होतं. घरी गेलं की उतरतं. दुसऱ्या दिवशी तितकं नसतं. माणूस समजतो सुटीच्या दिवशी जास्त जेवण झालं, गार पाणी प्यालो, पंख्याखाली झोपलो. काही वर्षांनी दुसऱ्या दिवशीही होतं, मग तिसऱ्याही. शेवटी सुटीच्या दिवशीसुद्धा दम लागतो, आणि तो मग जात नाही. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत हिंडून या पायऱ्या ठरवून दिल्या. आजही प्रतवारी त्यांच्याच नावाने चालते. पहिल्या पायरीवर माणूस सापडला आणि खातं बदललं तर छाती वाचते. शेवटच्या पायरीवर सापडला तर कोणाच्याच हातात काही उरत नाही.

‘सोमवारी छाती भरते का?’ असं विचारायचं पुस्तकात लिहिलेलं असतं. खरं आहे, पण आपल्याकडे सोमवार धरून बसू नका. मालेगावात सुटी शुक्रवारची. गिरण्यांमध्ये सुटी आलटून पालटून मिळते, एकाची बुधवारी तर शेजारच्याची शनिवारी. ठेकेदाराच्या माणसाला सुटीच नसते, बारा-बारा तास सलग. त्याला आठवड्याचा कुठलाही वार विचारून उपयोग नाही. त्याला विचारा, आषाढीला पंढरपूरला गेला होतात तेव्हा कसं होतं? दिवाळीला गावी होतात तेव्हा? आणि परत कामावर गेलात त्या दिवशी संध्याकाळी? एका माणसाने मला सांगितलं होतं की वारीत चालताना त्याला दम लागत नाही, गिरणीच्या गेटापासून खात्यापर्यंत जाताना लागतो, ही विठ्ठलाची कृपा. त्याच्या श्रद्धेवर मला काही बोलायचं नाही. पण असा माणूस तुमच्यापुढे बसला असेल तर आजाराचं अर्धं निदान झालेलं आहे.

कापूस फुप्फुसात जाऊन साठतो, तो गूळ खाल्ला की निघून जातो, हे गिरणीत सगळे मानतात. माझे वडीलही पाळी संपली की गुळाचा खडा खायचे. कामगाराने असं मानणं मी समजू शकतो. पण डॉक्टरही एक्स-रे काढून ‘काही साठलेलं दिसत नाही, छाती साफ आहे’ म्हणतात तेव्हा त्यांचाही हिशेब गुळाचाच आहे. साठून होणारा आजार सिलिकोसिस, दगडाच्या धुळीचा. तो प्लेटवर दिसतो. कापसाच्या धुळीचं तसं नाही. तिच्यातल्या वनस्पतीच्या चुऱ्यावर वाढलेल्या जिवाणूंचं विष, ज्याला तुम्ही एंडोटॉक्सिन म्हणता, श्वासनलिका आकसवतं असं आता बहुतेक मानलं जातं. हा आजार एक्स-रेवर दिसत नाही. श्वासाचा जोर मोजणाऱ्या, फुंकर मारायच्या यंत्रावर दिसतो, तेसुद्धा कामाच्या आधी आणि कामानंतर अशा दोन्ही वेळा मोजलं तर. एवढ्या एका ‘प्लेट साफ आहे’ या शेऱ्यावर फेटाळलेले दावे मी पाहिले आहेत. फेटाळणारा अधिकारी डॉक्टर नव्हता. शेरा डॉक्टरचा होता.

आता बिडी. कामगार बिडी ओढतो, ओढत होता, कबूल. ओढणाऱ्याला त्रास जास्त होतो हेही खरं. पण गिरणीत आगीच्या भीतीने बिडी-काडी गेटावरच काढून घेतात. आठ तास माणूस तंबाखू चघळतो. बाहेर आल्यावर दोन बिड्या ओढतो. तुम्ही त्या दोन बिड्या लिहून घेता आणि आठ तासांची धूळ सोडून देता. आणि सूतगिरणीतल्या बायका? त्यांनी जन्मात बिडी तोंडाला लावलेली नाही. सोलापुरात बायका बिड्या वळतात, ओढत नाहीत. त्यांच्या केसपेपरवर मग ‘चुलीचा धूर’ येतो. म्हणजे कारण काहीही चालेल, गिरणी सोडून. मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. कामतांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा 5 वर्षं पाठपुरावा करून बिसिनोसिस आणि साधा जुनाट ब्राँकायटिस यांतला फरक दाखवून दिला. तो अभ्यास 1981 साली छापला गेला. तेव्हा ‘यात वेगळं काय ओळखायचं’ हा प्रश्न आपल्याच राज्यात, आपल्याच कामगारांच्या छातीवरून सुटलेला आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या गिरण्या तपासल्या, त्याचे आकडे 1989 चे आहेत. ब्लो खात्यात सुमारे 30 टक्के आणि कार्डिंगमध्ये सुमारे 38 टक्के कामगारांत बिसिनोसिस. दर तिसरा माणूस. आता तुम्ही तुमच्या मनाशी आठवा, आजवरच्या प्रॅक्टिसमध्ये किती जणांच्या कागदावर हा शब्द लिहिलात. गिरण्या तुमच्या गावातही आहेत, कापूस तोच आहे. आपल्याकडचं सूत उलट जाडं, टॉवेल-चादरीचं. त्याला रुई हलक्या प्रतीची चालते, वेस्ट कॉटन चालतं, म्हणजे कचरा जास्त आणि धूळही जास्त.

आजार नाकारायची ही रीत आपली एकट्याची नाही, हे मान्य. मँचेस्टरमध्ये जेम्स के या डॉक्टरने कताई कामगारांच्या छातीबद्दल 1831 मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी अमेरिकेत मालक पुढे कित्येक दशकं म्हणत राहिले की आमच्याकडे हे नाहीच. तिथल्या वस्त्रोद्योगाच्या एका नियतकालिकाने 1969 साली तर लिहिलं की हे पैशाला विकल्या गेलेल्या डॉक्टरांचं खूळ आहे आणि असले रोग हलक्या वंशाच्या लोकांना होतात. पण पुढे कॅरोलायनाचे म्हातारे गिरणी कामगार संघटना करून साक्षी द्यायला उभे राहिले, 1978 साली सरकारने सूतकताईसाठी हवेतल्या धुळीची मर्यादा घनमीटरला 200 मायक्रोग्रॅमवर आणली, मालक कोर्टात गेले आणि 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही कच्च्या कापसाच्या धुळीसाठी आकडा तोच होता, 0.2 मिलिग्रॅम. आकड्यात आपण कुठेच मागे नव्हतो. मोजायला कोण जातं, ते विचारू नका.

आणि इथे तुमचा संबंध येतो. कारखाना कायदा 1948, कलम 89. यात मालकाचं कर्तव्य होतंच, पण पोटकलम 2 मध्ये मालकाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं की कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला तिसऱ्या अनुसूचीतला आजार वाटला तर त्याने मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवायचं. पेशंटचं नाव, पत्ता, आजार, कारखाना. बिसिनोसिस त्या अनुसूचीत होता. न कळवल्यास डॉक्टरला 1,000 रुपयांपर्यंत दंड होता. गिरणीच्या डॉक्टरला, विम्याच्या डॉक्टरला असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. कोणत्याही डॉक्टरला, म्हणजे तुम्हालाच. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाना कायद्याच्या जागी नवी श्रम संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, पण आजार यादीत आहे आणि डॉक्टरचं कर्तव्यही आहे. टीबीचा पेशंट कळवायचा असतो हे आता प्रत्येक डॉक्टरला माहीत झालंय, कारण त्याच्या मागे यंत्रणा लागली, ॲप आलं, माणसं फोन करतात. बिसिनोसिससाठी तुम्हाला कोणी फोन करणार नाही. कोणालाच तो पेशंट नको आहे.

एक कागद न लिहिल्याने काय होतं ते मला रोज दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. भरपाई कायद्यात बिसिनोसिसचं नाव स्पष्ट आहे. 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ते होतं, आणि कामगार राज्य विमा कायद्यातही होतं. म्हणजे हा आजार मालकाच्या कामाने झाला असं धरलं जातं, हातपाय तुटल्यासारखंच. पण दावा करायला माणसापाशी काय असतं? ठेकेदाराने नेमणूकपत्र दिलेलं नसतं. विम्याचा नंबर असला तर मधली वर्षं गायब असतात, कारण दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं आणि माणूस त्याच मशीनवर असतो. गिरणी बंद पडली तर मस्टर लिक्विडेटरकडे जातं आणि तिथून वाळवीकडे. अशा माणसापाशी तारीख आणि सही-शिक्का असलेला एकमेव त्रयस्थ कागद म्हणजे तुमचा केसपेपर. त्यात वेळेचीही अट आहे. काम सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा, असं 1923 च्या कायद्याच्या कलम 10 मध्ये होतं. आढळली कोणाला? तुम्हाला. तुम्ही त्या दिवशी ‘खोकला, मजुरी’ लिहिलंत तर कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच आढळलं नाही.

मुंबईत 1990 च्या दशकात काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र बसले, गिरणी कामगारांची रीतसर तपासणी केली, कागद केले आणि कामगार राज्य विमा महामंडळाकडून बिसिनोसिसची भरपाई मिळवून दिली. होऊ शकतं ते. पण तोवर 18 जानेवारी 1982 चा संप होऊन गेला होता, अडीच लाख माणसं रस्त्यावर आली होती, आणि बहुतेकजण आपली छाती घेऊन कोकणात, साताऱ्याला, घाटावर परतले होते. त्यांच्या घरांची लॉटरी अजून निघते, त्यावर मोर्चे निघतात, निघायलाच हवेत. छातीची चौकशी मात्र कधीच निघाली नाही. तिकडच्या गावागावांत ‘मुंबईचा दमा’ घेऊन माणसं मेली, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना कधी विचारलं नसेल की तुम्ही मुंबईत नक्की कुठे होता.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. बाहेर रांग असते, एका पेशंटला चार मिनिटं मिळत नाहीत, फुंकर मारायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. गिरणीचा अध्यक्ष बहुधा आमदार असतो किंवा आमदाराचा मेहुणा, आणि सहकारी सूतगिरणीच्या गावात डॉक्टरलाही राहायचं असतं. तुमच्यातले काहीजण त्याच गिरणीच्या पॅनेलवर असतात. हे सगळं एकीकडे. त्याहून अवघड गोष्ट अशी की खुद्द कामगारच तुम्हाला म्हणतो, ‘साहेब, लिहू नका, काढून टाकतील.’ खोटं नाही ते. मी स्वतः पाहिलंय, छातीचा दाखला आणला म्हणून खात्यातून काढून माणसाला घरी बसवलं, आणि वर त्यालाच सांगितलं की तुझ्या तब्येतीसाठी करतोय. अशा वेळी काय करायचं?

माझं मत असं, आणि ते तुम्हाला पटेलच असं नाही. निरीक्षकांना कळवायचं कर्तव्य कायद्याने तुमच्यावर टाकलेलं आहे, ते पेशंटच्या मर्जीवर नाही. पण पेशंटला अंधारात ठेवून कळवू नका. त्याला बसवा, सांगा की हा धुळीचा आजार आहे, आत्ता खातं बदललं तर थांबेल, पाच वर्षांनी बदललं तर थांबणार नाही, आणि आज हा कागद केला नाही तर पुढे भरपाई मागायला तुझ्या हातात काही नसेल. हे त्याला आजवर कोणीच सांगितलेलं नसतं. दमा म्हटलं की त्याला वाटतं नशीब, वडिलांनाही होता. वडीलही त्याच गिरणीत होते, हे त्याच्या लक्षात येत नाही आणि तुमच्याही येत नाही. आणि दाखल्यावर ‘कामास अपात्र’ असं मोघम लिहू नका. ‘धुळीच्या खात्यातून बदली आवश्यक’ असं लिहा. पहिल्या वाक्याने त्याची नोकरी जाते. दुसरं वाक्य घेऊन आम्ही निदान व्यवस्थापनाच्या टेबलावर जाऊन बसू शकतो.

नव्या संहितेमुळे आणखी एक काम तुमच्याकडे येणार आहे, काहींकडे आलंही असेल. 40 वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची. शिबिरं लागतील, मंडप पडेल, संचालकांच्या हस्ते फीत कापली जाईल. अशा शिबिरांत काय होतं ते आपण दोघेही जाणतो: वजन, रक्तदाब, साखर, ‘फिट’चा शिक्का, चहा-पोहे. तुम्हाला बोलावलं तर एवढीच अट घाला की साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी तपासणी ठेवा, पाळी सुरू होण्याआधी एकदा आणि पाळी संपताना एकदा फुंकर मोजू द्या, आणि यादीत ठेकेदाराची माणसं घ्या, झाडणाऱ्या बायकांसकट. सुटीनंतर चौथ्या दिवशी सकाळी एकदाच मोजलं तर सुरुवातीचा आजार हातातून निसटतो. मालक हो म्हणणार नाही कदाचित. मग शिबिराला जाऊ नका. तुमचा शिक्का तिथे नसला तरी चालेल. चुकीच्या कागदावर असला तर तो पुढे पंधरा वर्षं कामगाराच्या विरुद्ध वापरला जातो.

लहान कारखान्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. विजेवर चालणाऱ्या जागेत 10 माणसं असली की कारखाना, हा जुना नियम होता; नव्या संहितेत तो आकडा 20 झाला. म्हणजे वेस्ट कॉटन झोडणारी शेड, तालुक्याच्या बाजारातला गादी कारखाना, वेगवेगळ्या नावांवर तुकडे करून दाखवलेलं युनिट, हे सगळं निरीक्षकाच्या वहीबाहेर. तिथे बारदानाचं दार लावून एक माणूस जुन्या गाद्यांचा कापूस पिंजत बसलेला असतो. रुईची धूळ, शिवाय पंधरा वर्षांच्या अंथरुणाची धूळ. त्याच्यासाठी कायद्याचा हात नाही. तरीही लिहा. भरपाई नाही मिळाली तरी त्याला चुकीचं औषध तरी मिळणार नाही, आणि आम्हाला कळेल की कुठल्या गल्लीत जायचं.

बेर्नार्दिनो रामाझिनी नावाचा इटालियन डॉक्टर 1700 साली सांगून गेला की पेशंटला इतर प्रश्नांबरोबर तुझा धंदा काय हेही विचारावं. त्याने जवसाचा आणि भांगेचा वाख पिंजणाऱ्यांचा खोकलाही टिपून ठेवला होता. त्याच्याकडे स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता.

माझं मागणं एका ओळीचं आहे. ‘व्यवसाय’च्या पुढे मजुरी लिहू नका. असं लिहा: ‘सूतगिरणी, कार्डिंग खाते, 14 वर्षे. सुटीनंतर कामावर गेल्यावर छाती आवळते, सुटीत कमी होते. बिसिनोसिसची शक्यता.’ खाली तारीख, सही, नोंदणी क्रमांक. एक प्रत पेशंटच्या हातात द्या आणि त्याला सांगा की ही जपून ठेव, रेशन कार्डाबरोबर. खातं कोणतं ते त्याला सांगता आलं नाही तर विचारा, मशीनवर काय घालता आणि त्यातून काय निघतं. गाठ फोडतो म्हणाला तर ब्लो रूम, पेळूचे डबे भरतो म्हणाला तर कार्डिंग. निदान पक्कं नसलं तरी ‘शक्यता’ लिहायला हरकत नाही. शिक्कामोर्तब करायला विम्याचं वैद्यकीय मंडळ आहे, आणि माणूस तिथवर पोचवण्याचं काम आम्ही करतो.

निरीक्षकांना कळवायचा नमुना आम्ही मराठीत तयार करून ठेवला आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पत्त्यासकट, फक्त नाव-गाव भरायचं. कामगाराबरोबर निरोप धाडलात तर गठ्ठा तुमच्या दवाखान्यात आणून देऊ. कार्यालय संध्याकाळी सहानंतर उघडं असतं, रविवारीसुद्धा.

आपला,
गिरणी कामगारांचे कागद भरून देणारा एक कारकून,
सोलापूर